कडुलिंबाकडे तोंड केलेली छत्री

माझे साडू मंगळवारी सकाळी गेले.

जगात मीटर, फूट, वार अशी मापं आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं. अक्कलकोट रोडला त्यांचे चार माग होते आणि सगळ्या सृष्टीला त्यांचं एकच माप होतं, चादर. खोली तीन चादरींची, विहीर आठ चादरी खोल. माझ्या लग्नात मला पाहून ते आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणाले होते, "पोरगं चांगलं हाय, पण पाय चादरीबाहेर जातील की." मी उंच आहे. त्या हिवाळ्यात मुद्दाम लांब विणलेली एक चादर त्यांनी माझ्या घरी आणून टाकली आणि चहा न घेता निघून गेले.

आमच्या सासूबाई अक्कलकोटपलीकडच्या कानडी मुलखातल्या. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायला सुरुवात झाली त्या वर्षी त्यांच्या गावच्या शाळेवर कोंबड्यांच्या जाळीची मोठी छत्री, म्हणजे अँटेना, बसली, आणि रोज संध्याकाळी गाव शाळेपुढे बसून कानडी कार्यक्रम बघू लागलं. थोड्याच दिवसांत सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. साडूंनी त्यांना भवानी पेठेत आपल्या घरी आणलं. दिवसभर त्या ठीक असत. दिवेलागण झाली की "ऊरिगे होग्तेनी" म्हणत, गावाला जाते म्हणत, आणि ताट सरकवत. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण पोटात काही गेलं तर.

"गाव काय उचलून आणता येत न्हाय," साडू म्हणाले. "छत्री आणू की."

ते गावी गेले आणि खांद्यावरच्या चादरीनं त्यांनी छत्री मापली. दीड चादर. परत येऊन नवी पेठेतून जाळी आणली आणि मागावरून उतरलेली कोरी चादर अंथरून तिच्या मापानं कापली. खांद्यावरची चादर वर्षानुवर्षं धुऊन आटलेली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. छत्री गावच्यापेक्षा मोठी झाली, जिन्यात मावेना. दोर लावून बाहेरून गच्चीवर चढवावी लागली. खालून कुणीतरी विचारलं, "मालक, मुर्ग्यां आसमान में पालते क्या?"

"व्हय," साडू वरून म्हणाले. "खाली उभा राहू नको, अंडं पडंल."

गावची छत्री कडुलिंबाकडे तोंड करून आहे, हे त्यांनी नीट बघून ठेवलं होतं. म्हणून इथलीही त्यांनी गल्लीतल्या कडुलिंबाकडे वळवली. उपग्रह पश्चिमेकडे आहे आणि हा कडुलिंब पूर्वेला, असं मी वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे मिलची चिमणी उभी होती.

"तितं चिमणी हाय, मास्तर. राहू द्या हितंच."

"पण टीव्ही कुठंय?"

"आधी गोठा, मग म्हैस."

ही म्हैस बाजारात विकत मिळत नव्हती. तसला संच सरकारच खेड्यांना देतं, असं रेडिओच्या दुकानात कळलं, आणि साडू त्या संध्याकाळी गच्चीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. खाली ताट पुन्हा सरकवल्याचा आवाज आला. मग ते उठले, छत्रीची तार खिडकीतून आत घेतली आणि घरातल्या रेडिओला जोडली. त्या रेडिओवर कानडी स्टेशन लागलं तरी शेजाऱ्यांच्या यंत्रमागांमुळे नुसती घरघर ऐकू यायची. आता एक माणूस स्वच्छ कानडीत ज्वारीचे भाव सांगू लागला.

सासूबाईंनी मान वळवली. "भाळ तुट्टी," त्या म्हणाल्या. फार महाग. मग कुठल्या बाजारातला भाव, असं त्यांनी रेडिओलाच विचारलं. रेडिओ उत्तर देईना, म्हणून त्याच्याशी भांडत त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. साडूंनी फक्त आमटीची वाटी पुढे सरकवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लागला की टीव्ही."

रोज भांडण, रोज भाकरी. हाड जुळून त्या चालायला लागेपर्यंत वर्ष उलटलं. काठी टेकत सासूबाई गावी गेल्या आणि चार दिवसांत परत आल्या. उपग्रहाचं वर्ष संपलं म्हणून तिकडची छत्री सरकारनं उतरवून नेली होती.

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. मंगळवारपासून थोरल्या मेहुणी नीट जेवल्या नव्हत्या. काल दिवेलागणीला माझ्या बायकोनं त्यांच्या घरातला तोच रेडिओ लावला. भाव सांगून होईपर्यंत त्यांची अर्धी भाकरी खाऊन झाली होती.

छत्री गच्चीवर आहे. तोंड कडुलिंबाकडे आहे.