कोऱ्या बँडेजचा वास

बाळांनो, दिवाळीत तुम्ही येणार म्हणून आज घरासाठी प्रथमोपचाराचा डबा भरायला घेतला. बँडेजच्या गुंडाळीचा कागद फाडला आणि त्या कोऱ्या कापडाच्या वासाने मला थेट एका जुन्या दुपारी नेऊन सोडलं.

तुमची आई तेव्हा सात वर्षांची होती. पंचवटीतल्या घरात धावताना तिचा हात खिडकीच्या काचेत गेला आणि दंडातून रक्ताची धार लागली. घरात होती नव्हती ती सगळी बँडेजं जखमेवर दाबून धरत मी तिला घेऊन रिक्षात बसले. भाजीबाजारापाशी रिक्षा अडकली. "सोड ना आई, दुखतंय," ती किंचाळत होती. मी सोडत नव्हते. माझ्या बोटांमधून ऊन, चिकट रक्त झिरपतच होतं. आज कळतं, ती किंचाळत होती तोवर बरं होतं.

कारण मग ती गप्प झाली. ओठ पांढरे पडले, मान माझ्या खांद्यावर कलंडली. रिक्षावाले काका हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि पुढची हातगाडी हलत नव्हती.

"ओरड गं, भांड माझ्याशी, काहीही बोल," मी भर बाजारात ओरडले.

तिने डोळे किलकिले केले. "आई, हळू बोल. लोक बघतायत."

हे तिला मीच शिकवलं होतं. दवाखान्याच्या दारापर्यंत मी मुद्दाम मोठ्याने बोलत राहिले, आणि ती मला गप्प करत राहिली.