मागे बसणारी मंजिरी

सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीच्या संगीत मंडळात गाणाऱ्यांना तोटा नाही. दोन इंजिनिअर एकत्र आले की तिसरा भीमपलास सुरू करतो. तोटा आहे तो गाणाऱ्याच्या मागे तंबोरा घेऊन दोन-अडीच तास मुकाट बसणाऱ्याचा. गेली बरीच वर्षं तिथे मंजिरी बसते. पुण्याहून कुणी गवई आले की मी तिला मेसेज टाकतो, ती उत्तरादाखल अंगठा पाठवते आणि कार्यक्रमाच्या दिवशी शिफ्टवरून थेट हॉलवर येते.

मंजिरी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पहाटे उठून डबे, मग ट्रेन, मग दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या. घरी अर्धांगवायू झालेले सासरे. त्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची, औषधं द्यायची. नवरा चांगला आहे, पण तो कायम कुठल्या तरी मीटिंगमध्ये असतो. मुलगी सावनी युनिव्हर्सिटीत जाते आणि घरात पाऊल टाकताच "आई, व्हॉट्स फॉर डिनर?" विचारते. मंजिरीला कुणी कशी आहेस म्हणून विचारलं तर ती "चाललंय" म्हणते, आणि ते ऐकूनच आपल्याला दमल्यासारखं होतं.

लग्नाआधी ती गाणं शिकलेली होती. एकदा कार्यक्रमानंतर तंबोऱ्यावर खोळ चढवत असताना मी विचारलं, "तू स्वतः का गात नाहीस गं?"

"रियाज कुठून आणू?" ती म्हणाली. "आणि मला पुढे बसायचंच नाहीये रे माधव. मागे बसलं ना, की चारही तारा जुळलेल्या असतात आणि गाणाऱ्याचा सा त्यात येऊन मिसळतो. तो मला पाठीच्या कण्यात कळतो. तेवढा वेळ मी जिवंत असते बघ. तिथे कुणी माझ्याकडे काही मागत नाही, आणि तरी माझ्यावाचून चालत नाही. घरी किंवा कामावर या दोन गोष्टी एकदम कधी होतात का?"

मी "खरंय" म्हणालो आणि खुर्च्या आवरायला गेलो. आयोजकाला तत्त्वज्ञान ऐकायला फुरसत नसते.

मग या हिवाळ्यातल्या कार्यक्रमात मंजिरी मंचावर झोपली. विलंबित ख्याल चालू होता. तिचं डोकं हळूहळू तंबोऱ्याच्या दांडीला टेकलं आणि तोंड जरासं उघडं पडलं. हात मात्र चालूच होता. पहिल्या रांगेतल्या यतीनने, आमच्या माइकवाल्याने, व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. गायिकेने मोठ्या मनाने काही म्हटलं नाही. माझं डोकं मात्र फिरलं. हॉल मिळवण्यापासून बटाटेवड्यांपर्यंत मी मर मर मरायचं आणि लोकांनी लक्षात काय ठेवायचं, तर मंजिरीचं घोरणं. घोरली नव्हती ती, पण माझ्या संतापात ती घोरत होती.

पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी मी तिला फोन करून स्पष्टच सांगितलं, "या वेळी फोनच्या ॲपवरचा तंबोरा वापरतोय. त्याला झोप येत नाही."



"बरं," ती म्हणाली. "खुर्च्या मांडायला कधी येऊ?"

आणि आली. लॅबच्या कपड्यांतच खुर्च्या मांडल्या, सतरंज्या अंथरल्या. मी काहीतरी आणायला मंचामागच्या खोलीत गेलो, तर ही तंबोरा मांडीशी घेऊन लावत बसलेली.

"आज लागणार नाहीये तो," मी म्हणालो.

"माहितेय. एसीने उतरलाय पण. असा बेसूर कसा ठेवायचा?"

दांडीला कान लावून तिने खुंटी पिळली, मणी किंचित सरकवला, पुन्हा छेडून पाहिलं. एका क्षणी चारही तारा एक झाल्या आणि ती लहानशी खोली भरून गेली. मंजिरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिथेच होती. पण मघाशी खुर्च्या उचलणारी बाई ही नव्हती. मग तिने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला, खोळ चढवली आणि चहाचं बघायला उठली. मला फार वाईट वाटलं.

या वेळच्या गायिका आल्या. फोनवरचा तंबोरा त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "छान आहे की, चालेल." खरंच छान होता, मेला. कुठेही खोट काढायला जागा नव्हती. आणि दया म्हणून तिला 'तंबोऱ्याला बस' म्हटलं असतं, तर मंजिरी बसली नसती.

गायिका चहाला गेल्यावर मी फोन खिशात टाकला.

"मंजिरी, फोनचं चार्जिंग संपलं गं," मी म्हणालो. "आता तुझ्यावाचून अडलंय."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन खणखणला. यतीनच असणार, एक्स्टेन्शन बोर्ड कुठे आहे विचारायला. फोन वाजत राहिला आणि मी तसाच उभा राहिलो.

मंजिरीने तंबोऱ्याची खोळ काढायला घेतली.

"घे तो फोन," ती म्हणाली. "पट्टी काळी चारच ना त्यांची?"