आबा सरांचं शिफारसपत्र

आबा सरांना इंग्रजी उत्तम येत असे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, परदेशी नियतकालिकं वाचत आणि त्यांतल्या चुकाही काढत. पण कुणाला बाहेरच्या विद्यापीठासाठी शिफारसपत्र हवं असलं, की ते मराठीतच लिहून देत. निळ्या शाईत, पाठकोऱ्या कागदावर. "मी तुला मराठीत ओळखतो. इंग्रजीत लिहिलं की सगळी पोरं सारखीच हुशार दिसायला लागतात," असं त्यांचं म्हणणं. मग ज्याचं पत्र त्यानेच भाषांतर करायचं, लेटरहेडवर टाइप करून आणायचं आणि सरांनी सही करायची. तिकडे असली पत्रं गुप्त असतात म्हणे. आमच्याकडे आपली अब्रू आपणच इंग्रजीत नेऊन पोचवायची पद्धत होती.

भाषांतर ते पेन्सिल घेऊन तपासत. पारोळ्याकडची एक मुलगी होती. तिच्याबद्दल सरांनी लिहिलं होतं, "कामात हळू आहे, पण तिने केलेलं पुन्हा करावं लागत नाही." तिने इंग्रजीत नुसतं 'अत्यंत काटेकोर' केलं. सरांनी खाली रेघ मारली.

"अन् हळू कुठं गेलं?"

"सर, ते वाचलं तर घेणार नाहीत मला."

"न घेतील तर न घेवोत. घेतल्यावर कळण्यापेक्षा बरं."

तिने डोळे पुसत 'हळू' परत घातलं. तिला प्रवेशही मिळाला. आम्ही मात्र कँटीनमध्ये महिनाभर तिचा चहा मुद्दाम उशिरा मागवत होतो.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजला जगाची घाई झाली. फाटकावर इंग्रजी पाटी लागली, करार झाले, कराराचे फोटो झाले. परदेशी पाहुणे आले तेव्हा रोज जीन्समध्ये येणाऱ्या मुलींना नऊवारी नेसवून नाचवलं, आणि सरांना सांगितलं की स्थानिक संस्कृतीवर पाच मिनिटं बोला. सरांनी घोळीच्या भाजीची एक जुडी नेऊन पाहुण्यांपुढे ठेवली आणि विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" पाहुणा प्रामाणिक होता. म्हणाला, तण. सर खूश झाले. "आता इकडेही तेच म्हणायला लागलेत," ते म्हणाले. प्राचार्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.

पण पोरांनी बाहेर जाऊ नये असं सरांनी कधी म्हटलं नाही. ते मूळचे भडगावकडचे, मनातलं बोलायचं झालं की अहिराणीवर येत. मी जायचं ठरवलं तेव्हा म्हणाले, "बठ्ठं जग देखी ये. पन येजो." या 'येजो'ला, म्हणजे परत येण्याच्या सांगण्याला, कारण होतं. सरांच्या निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली होती. त्यांच्या जागी पीएचडी झालेला कायम शिक्षक मिळाला नाही, तर एमएस्सीचा वर्ग बंद होणार होता. कॉलेजची त्या जागी संगणकाचा काहीतरी अभ्यासक्रम आणायची तयारीच होती. तो वर्ग सरांनी उभा केला होता, आणि त्यांच्या नजरेसमोर त्या जागेसाठी मी होतो. मीही त्यांना शब्द दिला होता की पदवी घेऊन परत येतो.

माझं पत्र त्यांनी एका बैठकीत लिहिलं. मी कसा पाहतो, कुठे कंटाळतो, सगळं बरोबर होतं. शेवटी तीन वाक्यं होती. "परत येईन असं तो म्हणतो. मला तसं वाटत नाही. तरी त्याला घ्यावं."

मी ती वाक्यं दोन-तीनदा वाचली आणि भाषांतरात पहिलं व तिसरं तेवढं ठेवलं. सरांनी पेन्सिल घेतली, एकेक ओळ वाचत शेवटापर्यंत आले आणि थांबले. मग पेन्सिल ठेवून पेन घेतलं, सही केली. "वेळेत पाठव," एवढंच म्हणाले. आपण सुटलो असं मला वाटलं.

मी नेदरलँड्सला गेलो, पीएचडी झाली आणि तिथल्याच विद्यापीठात राहिलो. आधी एक वर्ष, मग आणखी एक. सरांना मेल करत असे, त्यांची उत्तरं छोटी येत. ते निवृत्त झाले तेव्हा वर्ग बंद झाल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. सरांनी एका शब्दाने कळवलं नाही.

यंदा सुट्टीत भडगावला त्यांच्याकडे गेलो. ऐकू कमी येतं, बाकी ठीक आहेत. सरांच्या पत्नीने, अक्कांनी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी म्हणालो, "सर, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी गाळलं होतं."

"माले ठाऊक शे," सर म्हणाले.

"मग सही का केलीत?"

"ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतंच. तुझ्यासाठी होतं. म्हटलं, वाचून चिडशील, म्हातारा असं कसं म्हणतो म्हणशील, आणि मला खोटं पाडायला तरी परत येशील."

ते हसले. अक्का ताटं उचलत होत्या, त्या हसल्या नाहीत. मला सरांची माफी मागायची होती, पण काय म्हणून मागायची ते सुचेना. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आलाच नव्हता. निदान एक माणूस तरी माझी वाट पाहत बसणार नाही, म्हणून हायसं वाटलं होतं. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.