दोरीवरची भीक

आम्ही डोंबारी. आई दोरीवर चालायची, आबा ढोलकी वाजवायचे, मी थाळी फिरवायचे. एका बाजारात पोलिसांनी आईला भिकारी म्हणून उचललं. अकरा दिवस ती भिक्षेकरी गृहात होती, आणि आम्ही बाहेर फाटकाशी.

आईला ज्या कलमाखाली उचललं होतं, ते लॉच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात दिसलं. रस्त्यावर गाणं, नाच, खेळ करून पैसे घेतले तर तीही भीकच. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘महत्त्वाचे’.

घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, “कायदा लिहिणाऱ्याला एकदा दोरीवर चढव गं. भीक मागायला एवढं उंच कोण जातं?” आबा हसले. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

जुने कायदे अंगणात विसरलेल्या दगडांसारखे पडून राहतात. चपलेतल्या पायांना ते कळतही नाहीत. ठेच लागते ती अनवाणी माणसाला.

परीक्षेत तीच व्याख्या विचारली. मी शब्दशः लिहिली. पूर्ण गुण मिळाले.

कलम अजून तिथंच आहे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि आता वकील आहे.