पाण्यावर सावली नको

सुगावारा-सान. आधी त्यांचं नाव लिहिते, मग बाकीचं. या परक्या मुलखात मला उभं केलं ते त्यांनी. त्यांचं नाव मागाहून आलं तर माझ्या मनाला बरं वाटणार नाही.

त्यांची एक सवय होती. सकाळी हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायच्या केंद्रात, कोणीही आलं की आधी विचारायचे, "पाणी चालू आहे?" बाहेर बर्फ पडत असो की नव्या वर्षाचा पहिला दिवस असो. "चालू आहे" असं ऐकलं की मगच मान लववून "ओहायो", म्हणजे शुभ सकाळ, म्हणायचे. एकदा मी विचारलं, रोज काय तेच? तर म्हणाले, "बाकी सगळं थांबलं तरी चालतं. पाणी थांबलं की टाकीतला मासा वर येऊन आपल्याकडे बघायला लागतो. ते बघवत नाही."

जपानच्या उत्तरेला, डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीकाठच्या छोट्या गावात माझे मिस्टर करीच्या दुकानात कुक होते. त्यांच्यामागून मीही गेले. माझी शाळा नववीत सुटलेली. गाव गुहागरकडचं, खाडीवरचं. आई पाटी घेऊन दारोदार मासे विकायची, वडील आजारी पडल्यावर मीही तिच्याबरोबर बसायला लागले. त्यामुळे मासा मला ठाऊक होता, पण पाटीतला. मेलेला. जिवंत माशाशी माझी ओळख सुगावारा-सानांनी करून दिली.

त्या गावात मला सगळ्याची धास्ती वाटायची. फोन वाजला की धास्ती, दाराची बेल वाजली की धास्ती. त्यात कचऱ्याचं प्रकरण. कुठल्या वारी कुठला कचरा, कुठल्या पिशवीत, काही उमगत नव्हतं. एकदा सगळ्यांच्या पिशव्या गेल्या आणि माझी तेवढी लाल चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली. सगळी गल्ली बघतेय असं वाटून मी पडद्यामागे उभी राहिले. शेजारच्या घरातून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ बाहेर आले. हेच सुगावारा-सान. त्यांनी पिशवी उचलली, माझं दार वाजवलं आणि पायरीवर बसून ती उघडली. माझा कचरा. कांद्याची सालं, तेलाची बाटली, माशांची डोकी. मी लाजेने मरायची बाकी होते. ते एकेक वस्तू काढून वेगळी ठेवत गेले, मीही बसले आणि ठेवत गेले. शेवटी एका माशाच्या डोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी कापलं?"

मी घाबरत स्वतःकडे बोट केलं.

"तुम्ही घाबरता," ते म्हणाले. "तुमचे हात घाबरत नाहीत."

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच सांगण्यावरून मी हॅचरीत बाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला लागले. एक सांगायचं राहिलं. ते मला 'वैशाली-सान' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. जन्मात मला अहो-जाहो करणारे ते पहिलेच.

हॅचरी नदीच्या मच्छीमार संघाची. सुगावारा-सान विद्यापीठात शिकलेले, सरकारी मत्स्यकेंद्रातून निवृत्त होऊन इथे आलेले. मासा साकुरामासू; साकुरा म्हणजे चेरी. समुद्रात वाढतो आणि चेरी फुलायच्या दिवसांत नदीला परत येतो, म्हणून ते नाव. नदीवर बांध झाले, वाळू गेली, पाणी कोमट झालं, आणि परत येणारे कमी होत होत मोजके उरले. तेव्हा सुगावारा-सानांनी उरलेल्यांतले काही धरून टाकीत ठेवले. त्यांची पिल्लं टाकीतच मोठी केली, त्या पिल्लांची अंडी काढली, पुन्हा पिल्लं. नदीतलं कूळ बुडालं तरी टाकीत बी राहावं, असा हिशोब. मला समजावताना म्हणाले, "या माद्यांनी समुद्र पाहिलेला नाही. यांच्या आयांनीही नाही. पण अंगात तो आहे. आपण फक्त तो मरू द्यायचा नाही."

काम नाजूक. माशाला हात लावण्याआधी हात बर्फासारख्या पाण्यात बुडवून गार करायचा, नाहीतर आपल्या हाताची ऊब त्याला भाजते. मादीचं पोट हलकेच दाबून बघायचं, मऊ लागलं की ती पिकली. अंडी काढायची म्हणजे तिला मारावं लागतं. त्यांनी ते काम कधी दुसऱ्याला दिलं नाही. अंडी आणि नराचं दूध, म्हणजे त्याचं पांढरं वीर्य, एका भांड्यात घेऊन पक्ष्याच्या पिसाने ढवळायचं, ते मात्र माझ्याकडे आलं. हंगाम संपला की हॅचरीमागच्या एका दगडासमोर सगळे उभे राहत, साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतत, मान लववत. मारलेल्या माशांसाठी. मी म्हटलं, आमच्याकडे माणसांचं श्राद्ध असतं, माशांचं नसतं. ते म्हणाले, "तुमच्याकडे मासा खातात. आम्ही यांना खाल्लंही नाही. मग निदान मान तरी लववावी."

त्यांचा सर्वांत कडक नियम सावलीचा. टाक्यांभोवती काळे पडदे होते. खाणं पडद्याआडून नळीने सोडायचं. भडक कपडे नकोत, मोठ्याने बोलणं नको, आणि पाण्यावर सावली तर पडताच कामा नये. मला एकटीला बडबडायची खोड. एकदा पिल्लांच्या टाकीपाशी "या रे बाळांनो, जेवा" करताना त्यांनी पकडलं.

"कुठली भाषा ही?"

"मराठी."

"त्यांना मराठी शिकवू नका. समुद्रात उपयोग नाही." मग पडदा नीट करत म्हणाले, "टाकीतल्या माशाला माणूस दिसला की जेवण आलं असं वाटतं. नदीत वरून जे काही वाकून बघतं ते खायला आलेलं असतं. बगळ्याला भ्यायला आपण शिकवू शकत नाही. निदान उलटं तरी शिकवू नये."

गेल्या वर्षी वसंतात पिल्लं नदीत सोडायची पहिली मोठी सोडणी होती. सोडायच्या आधी प्रत्येक पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा पर कापायचा असतो, म्हणजे उद्या परत आलं तर आपलं कोणतं ते कळतं. ते मीच कापले. बर्फ वितळून नदी भरली होती. पिल्लांच्या अंगावर चांदी चढली होती. ती चढली की समजायचं, समुद्राची ओढ लागली. आम्ही बादल्या पाण्यात हळूच कलत्या केल्या. पिल्लं भराभर गेली.

पण थोडी गेली नाहीत. काठाशी, संथ पाण्यात, सुगावारा-सानांच्या गमबुटांभोवती घुटमळत राहिली. ते सरकले की तीही सरकत. इतके पडदे लावूनही त्यांना हे पाय ठाऊक झाले होते. सुगावारा-सान बराच वेळ खाली बघत उभे होते. मग काठावर चढले, मूठभर खडे उचलले आणि पिल्लांच्या रोखाने मारायला लागले. "जा," म्हणत होते. "मी तुमचा कोणी नाही. जा." पिल्लं पांगली, पुन्हा आली. ते मोठे दगड घ्यायला लागले. ज्या हातांनी वाढवलं त्याच हातांनी मारत होते, आणि तोंड वाकडं करून रडत होते, लहान मूल रडतं तसं. शेवटचं पिल्लू धारेला लागेस्तोवर ते थांबले नाहीत.

परतताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वसंतात येतील. एक जरी आला तरी टाकीत जन्मलेला मासा नदीचा होऊ शकतो, हे कळेल. नाही आला तर इतकी वर्षं मी नुसती टाकीतली मासोळी पाळली."

उन्हाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि ते मोठ्या गावच्या इस्पितळात दाखल झाले ते झालेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शरदातली अंडी त्यांच्याशिवाय काढावी लागली. ती झाल्यावर मी सांगायला गेले. खोलीत शिरले, कोपऱ्यातल्या बेसिनला हात धुतले आणि सवयीने गार पाण्याखाली तसेच धरून राहिले. तसाच गार हात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले.

"माझं पोट बघायला आलात? मी अजून पिकलेलो नाही."

मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांनी विचारलं, "पाणी चालू आहे?"

"चालू आहे."

त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे, टपटप पडणाऱ्या थेंबांकडे हनुवटी वळवली. "इथेही."

तेव्हाच मी त्यांना सांगितलं की करीचं दुकान बंद होतंय. मिस्टरांना टोकियोत, हिगाशी-कसाईला काम मिळालंय. पण त्यांना पुढे जाऊ दे, तुम्ही घरी येईपर्यंत मी इथेच राहते, असं मी म्हणाले.

त्यांचा चेहराच पालटला. "कशाला?" ते म्हणाले. "इथे नर्स आहेत. तुमचं इथे काय आहे? नवऱ्याबरोबर जा. उद्यापासून येऊ नका." असं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी दारापर्यंत आले. वळून बघितलं तर त्यांचं तोंड तसंच वाकडं झालं होतं, नदीवर झालं होतं तसं. तो दगड मी ओळखला. पण दगड आला की धारेला लागावंच लागतं.

"वैशाली-सान," त्यांनी पाठीमागून हाक मारली. "वसंतात कोणीतरी बघायला हवं. मी नसलो तर तुम्ही बघा. पण लांबून."

ते हिवाळ्यात गेले. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. वैशाली-सानना लांबून धावत यायला लावू नका, असं त्यांनीच संघाच्या लोकांना बजावून ठेवलं होतं.

इथे हिगाशी-कसाईत आपली माणसं पुष्कळ आहेत. दुकानात कढीपत्ता मिळतो, जिन्यात मराठी ऐकू येतं. मी एका भारतीय किराणा दुकानात बाइतो करते. कचऱ्याच्या पिशव्या आता चुकत नाहीत. बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या एका मुलीची पिशवी परत आली, तेव्हा तिच्या पायरीवर बसून मी ती उघडली. तीही घाबरली होती. इथली चेरी फुलून गळूनही गेली. उत्तरेला ती उशिरा फुलते. मासे परतल्याचा संघातून अजून काही निरोप नाही. मी विचारायला फोन हातात घेते आणि ठेवून देते.

सुगावारा-सान, रजा सांगून ठेवली आहे. तिकडची चेरी फुलली की मी येते आहे. पुलावर मागे सरून उभी राहीन, ऊन कुठून येतं ते आधी बघेन, पाण्यावर सावली पडू देणार नाही. शेपटीजवळचा तो इवलासा पर नसलेला एक जरी मासा दिसला तरी हॅचरीमागच्या दगडापाशी येऊन तुम्हाला सांगेन. नाही दिसला तर पुढच्या वसंतात पुन्हा येईन, आणि त्याच्या पुढच्याही. तुमचं देणं फेडायला मला दुसरं काही येत नाही. हे मात्र फेडीन.