न पोतारलेली भिंत

डासाचा मनापासून आदर करणारा आणि तरीही त्याच्या मुळावर उठलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. ते माझे फुवा. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. रावेरजवळच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली पाच-सात वर्षं. मी जळगावला शिकत होतो, आणि सुटी लागली की धरणगावला आईबापांकडे जायचं सोडून रावेरच्या गाडीत बसत होतो. आई विचारायची, फुईकडे असं आहे तरी काय? फुईच्या हातचं वांग्याचं भरीत आहे असं मी सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. पण पोट भरल्यावरही मी तिथून हलत नसे, ते फुवांमुळे.

फुवा सडपातळ, उंच, आणि कायम नुकतेच झोपेतून उठल्यासारखे किंवा आता झोपायला निघाल्यासारखे दिसत. पैरणीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. ते काही केल्या निघत नाहीत, त्यामुळे आमच्या भागात नवरदेवाच्या अंगावरही एखादा सापडतो. फुवांना काही विचारलं की उत्तर लगेच मिळत नसे. ते आतून कुठून तरी लांबून चालत यायचं. एकदा त्यांच्या धाकट्या भावाने सकाळी विचारलं, "दादा, घड कापायचे का? आज वॅगन लागली आहे." फुवांनी आकाशाकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, आणि संध्याकाळी पहिला घास घेताना म्हणाले, "काप." तोवर वॅगन भुसावळच्या पुढे गेली होती. भावाने कपाळाला हात लावला. फुई मात्र शांतपणे म्हणाली, "आज लवकर बोलले."

हाच माणूस साचलेलं पाणी दिसलं की असा काही धावे की बघत राहावं. फुटकी घागर, उलटं पडलेलं कौल, गुरांची डोणी, मोटेच्या थारोळ्याखालचं डबकं, कशालाही त्यांच्या राज्यात शांतपणे पाणी धरून बसायची सोय नव्हती. परक्याच्या अंगणातही ते रामराम करण्याआधी रांजणात डोकावत. एकदा सावद्याकडे एका लग्नात वरमाईचे पाय धुवायला मोठं घंगाळ भरून ठेवलं होतं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या वगैरे. फुवांनी वाकून पाहिलं, कुणाला तरी विचारलं की हे कधी भरलं, आणि घंगाळ आडवं केलं. पाकळ्या मांडवभर वाहत गेल्या. विहीणबाई इतक्या रुसल्या की अक्षता टाकायला उशीर झाला. मुलीचा बाप हात जोडून फुवांपुढे उभा राहिला, तर हे त्याचेच हात धरून मायेने म्हणाले, "भाऊ, नवरी आज वाटे लागते, पन तू त इथंच ऱ्हाशील ना?" मुलीच्या बापाला त्यातलं काही कळलं नाही. पण एवढ्या आपुलकीने त्याच्याशी त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नव्हतं, म्हणून तो गहिवरला.

हे वेड कुठून आलं? त्यांच्या लहानपणी हिवताप हा घरच्या माणसासारखाच होता. पावसाळा सरत आला, बागा ओल्या गच्च झाल्या की तो यायचा आणि दिवस ठरवून यायचा. गावात तेव्हा ताप चुकवण्याची पद्धत होती. तापाच्या पाळीच्या दिवशी माणूस सकाळीच घरातून निघून दुसऱ्या गावी कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसे, म्हणजे ताप घरी येईल, माणूस नाही बघून परत जाईल. फुवा लहानपणी असे कित्येकदा पाहुणे गेले. ताप मात्र त्यांना बरोबर शोधून काढायचा. ते त्याबद्दल कधी रागाने बोलले नाहीत. "आधी हिव भरतं, मग अंग पेटतं, मग घाम," असं ते डोळे मिटून सांगू लागले की एखादा माणूस बदरीकेदारची यात्रा सांगतोय असं वाटे. "आन घाम गेल्यावर जी झोप लागते ना बापू, तशी राजालेही नशिबात नही." मला तर कधीकधी शंका यायची की यांना तापाची आठवण येते की काय.

पुढे कधी तरी तालुक्याहून हिवतापाचे एक डॉक्टर आले आणि फुवांच्या ओसरीवर उतरले. त्यांनी जाता जाता फुवांना भिंगातून डास दाखवला. झालं! फुवा त्या पंखांवर भाळले. "काय नक्षी रे, काय पाय! अन् हा एवढासा जीव आपल्या पोरांले नेतो!" कौतुक आणि दुःख त्यांच्या आवाजात एकाच वेळी असे, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावं की हळहळावं ते समजत नसे. तेव्हापासून ते संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीपाशी तासन् तास उभे राहू लागले. शेपूट वर करून तिरपा बसतो तो हिवतापाचा, आडवा बसतो तो नुसताच चावरा, हे त्यांनी मला इतक्या वेळा दाखवलं की परीक्षेतही दुसरं काही आठवत नसे. बागेतून ओला वास यायचा, केळीच्या पानांत उजेड अडकून हिरवा होऊन यायचा, कुठेतरी मोटेचं चाक कुरकुरायचं, आणि फुवा हलक्या आवाजात म्हणायचे, "असा एक पावसाळा यावा, की रावेरपासून सातपुड्यापर्यंत कोनी हुडहुडलंच नही. सारे लोक आपले नुसते झोपले हायेत." मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटे, पण त्या उजेडात हसू येत नसे.

मग त्यांना गप्पी माशांचा शोध लागला. हे मासे डासांची पिल्लं खातात असं कळल्यावर ते कुठून तरी पितळी तांब्यातून मासे घेऊन आले आणि गावातल्या विहिरींत सोडत सुटले. गाव माळकऱ्यांचं. एक म्हातारे आबा काठी टेकत आले आणि विहिरीच्या काठावर ठाण मांडून बसले. "आमच्या पेयच्या पान्यात मासोया? आमची तुळस बाटवतो का रे?" फुवांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाले, "आबा, कूर्म, मत्स्य हे देवाचेच अवतार ना? त्यातला एक इहिरीत आला, त तुम्ही काठी घेऊन बसले." आबा विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ते विहिरीत लाह्या टाकताना दिसले. त्यानंतर त्या माशांचे इतके लाड होऊ लागले की ते डासांची पिल्लं खातील की नाही याची फुवांनाच काळजी लागली.

आणि मग सरकारी फवारणीवाले आले. ते येणार त्या सकाळी फुवांनी दाढी केली आणि लग्नातला कोट घातला. पंप घेतलेली माणसं दारात आली तेव्हा ते त्यांना सामोरे गेले ते वरातीला जावं तसे. घरोघर भिंतींवर डीडीटी मारली गेली, भिंतींवर पांढुरके ओघळ वाळले, घरात उग्र वास भरला. गावाला ते पटलं ते मात्र डासांमुळे नव्हे. खाटांमधले ढेकूण मेले, म्हणून. बायकांनी फवारणीवाल्यांना ताक पाजलं आणि ते वेशीबाहेर पडतात न पडतात तोच शेणमातीचे गोळे भिजवून साऱ्या गावाने भिंती पोतारून काढल्या! नवरात्र तोंडावर आलेलं, घट बसायचे, आणि भिंतींवर ते कोडासारखे डाग कोण ठेवणार? गाव पुन्हा कसं स्वच्छ, गुळगुळीत दिसू लागलं. औषध सगळं मातीखाली गेलं.

फुवा घरोघर हिंडले. डास पोट भरलं की जड होतो आणि भिंतीला टेकतो, जेवणावळीनंतर व्याही टेकतो तसा. टेकतो तिथंच औषध हवं, असं त्यांनी प्रत्येकीला समजावलं. बायकांनी पदर तोंडाला लावून ऐकून घेतलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की फुवा समोर असले की जेवल्यावर भिंतीला टेकायची कुणाची हिंमत होईना.

पण त्या वर्षी गोष्ट नुसत्या गावाची नव्हती. त्यांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण ताई, धुळ्याला देवपुरात दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तीही पावसाळ्याच्या सरत्या ओलीत. ताईच्या आधी फुईची दोन बाळंतपणं अशाच दिवसांत झाली होती. दोन्ही वेळा फुईला हिवताप भरला होता आणि दोन्ही वेळा मुलगे हाती लागले नव्हते. घरात त्यांचा विषय कधी निघत नसे. मलाही ते आईकडून समजलं होतं. त्यामुळे ताईच्या खोलीच्या भिंतीवरून फुवा-फुईचं जे जुंपलं, त्यात मला पहिल्यांदाच गंमत वाटली नाही.

फुईने सगळं घर पोतारलं होतं, ताईची खोली तेवढी उरली होती. फुवा त्या भिंतीला पाठ लावून बसले ते उठेचनात. जेवण तिथं, पानसुपारी तिथं. पैरण पाठीकडून पांढरी झाली. फुई शेणकाल्याची पाटी घेऊन दारात उभी राही आणि म्हणे, "पहिलटकरीण पोर येतीये, अन् तिले या डागयलेल्या भित्तीपाशी निजवू? सुतक असल्यासारखं दिसतं घर! धुळ्याचे लोक काय म्हनतील? बाळंतिणीची खोली पोतारल्याबिगर कोनी ठेवते का?" फुवा म्हणत, "कोनी ठेवत नही. म्हनूनच म्हनतो." दोन दिवस हे असंच चाललं. शेवटी ताईची गाडी यायची सकाळ उजाडली. स्टेशनवर तिला आणायला फुवांना जाणं भागच होतं. ते उठले, भिंतीकडे एकदा पाहिलं, फुईकडे पाहिलं, आणि कोट चढवू लागले. ते गेले की ती हात फिरवणार हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

फुईने पदर खोचला, पाटी आत नेली आणि काल्यात हात बुडवला. फुवा उंबऱ्यापर्यंत पोचले होते. तिने भिंतीजवळ हात नेला आणि तिथंच थांबली. मागे न बघता तिने विचारलं, "आयकलं का? तव्हा हे असतं, त आपले दोघं वाचले असते का हो?"

फुवांचं उत्तर यायला वेळ लागतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी इतका वेळ लागलेला कधी पाहिला नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, गाडीवान हाका मारत होता. फुवा परत आत आले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तव्हा नव्हतं ना. आता हाये."

फुई तशीच उभी राहिली. तिच्या बोटांवरून काला खाली टपटपत होता. मग ती पाटी उचलून बाहेर आली आणि तो सगळा काला तिने अंगणात सारवून टाकला, इतक्या जोरजोरात की अंगणाचा एकही कोपरा सुटला नाही. सारवताना ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी फुवांबरोबर गाडीत जाऊन बसलो.

ताई आली, डागयलेल्या भिंतीच्या खोलीत राहिली, दिवाळीनंतर मोकळी झाली. मुलगी झाली. ताप आला नाही. तो त्या भिंतीमुळे आला नाही, की फुवांनी खाटेवर बांधलेल्या मच्छरदाणीमुळे, की नशिबाने, ते मी सांगू शकत नाही. फुवाही कधी छातीठोकपणे बोलले नाहीत. फुई मात्र त्यानंतर गावात जिथं वाढलेलं पोट दिसेल तिथं जाऊन उभी राही आणि पोताऱ्याच्या पाटीवर हात ठेवी. तिचं बायकांनी ऐकलं. फुवांनी घरोघर समजावून जे झालं नाही ते तिच्या नुसत्या उभं राहण्याने झालं.

पुढच्या वर्षी त्या मुलीचं जावळ काढायचं ठरलं. आमच्यात बाळाला मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात. ताईला सख्खा भाऊ नाही, तेव्हा मामा म्हणून मला बोलावणं आलं. मी नवी टोपी घालून गेलो. अंगणात न्हावी बसला होता, बायका जमल्या होत्या. फुवांनी स्वतः पाट मांडले होते, शेजारी शेजारी तीन. देवपूरच्या विहीणबाई म्हणाल्या, "मामा त एकच शे ना? मग हे पाट कोनासाठी मांडात?" फुई आतून कुंकवाची कोयरी घेऊन आली. तिने मला टिळा लावला, मग शेजारच्या दोन्ही रिकाम्या पाटांवर कुंकवाची बोटं टेकवली आणि पदराने डोळे पुसले.

फुवांनी नातीला उचललं. मला वाटलं, ते तिला सरळ माझ्या मांडीवर देतील. पण त्यांनी आधी तिला पहिल्या पाटावर जरासं टेकवलं, मग दुसऱ्यावर, आणि मग माझ्याकडे दिलं. "मोठे दोघं आधी," ते मला हळूच म्हणाले. ती पोर माझ्या टोपीला हात घालत होती आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. न्हाव्याने वस्तरा काढला, तेव्हा फुवा बाजूला सरून त्या दोन पाटांच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि जावळ पुरतं होईपर्यंत तिथून हलले नाहीत.