पोस्टमास्तरांचा कोट

आमच्या हौशी नाटकमंडळींत त्याला सगळे ‘बदली’ म्हणतात. खरं नाव विचारलं तर निम्म्यांना डोकं खाजवावं लागेल. कुणाला कावीळ झाली, कुणाला ऑफिसने परगावी पाठवलं, कुणी ऐन वेळी रुसून बसलं, की याला बोलावणं जातं. हा येतो आणि त्या माणसाच्या जागी उभा राहतो.

बदली नटासाठी आमच्याकडे एक नियम आहे. माझ्या मते आडमुठा, पण आहे. नाटकात काहीही बदलायचं नाही. आधीचा नट जिथे थांबायचा तिथेच थांबायचं, जिथे वळायचा तिथेच वळायचं, आणि कपडेही त्याचेच घालायचे, न उसवता. सगळे नोकऱ्या सांभाळून नाटक करणारे. एकाची पाठ धरली म्हणून बाकीच्यांनी पुन्हा तालमी करायला वेळ आणायचा कुठून? मंडळींचा कपडेपट माझ्याकडे असतो. एरवी माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. लोकांची पोटं वाढतात म्हणून माझं भरतं. पण बदलीच्या अंगावरच्या कपड्याला मला कधी एक टाका घालू दिला नाही. बाही लांब असली तरी तशीच, खांदा उतरला असला तरी तसाच. कपड्यात माणसाने बसायचं, असं सगळे म्हणायचे. आणि हा खरोखर बसायचा. पहिल्या अंकात ढगळ वाटणारा कोट तिसऱ्या अंकात याच्याच मापाचा वाटायला लागायचा. ते बघून मला कधी बरं वाटलं नाही.

दिवसा हा एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असतो. मागच्या खोलीत वाफेचं यंत्र फुसफुसत असतं, वर दांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोट लटकत असतात, आणि खाली हा. कपडा आला की आधी खिसे तपासतो, मग कॉलर उलटतो, मग कपडा उजेडात धरून विचारतो, “हा डाग कशाचा?” लोक धादांत खोटं बोलतात. चहाचा म्हणतात. हा मान डोलावतो आणि शाईचं औषध लावतो. शेवटी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी आणि टाचणी काढून विचारतो, “कोणाच्या नावावर?” तिथला त्याचा आवाज बारीक आहे, घाईचा, थोडा नाकातला. तो आवाज रंगमंचावर कुणी कधी ऐकलेला नव्हता.

आणि याला नट व्हायचं होतं. बदली नाही, नट. नवं नाटक ठरलं की इस्त्रीचा शर्ट घालून हा ऑडिशनला हजर. वाचायला लागला की ज्यांच्या जागी उभा राहिला होता ते सगळे यायचे: बँकेतल्याचं हसणं यायचं, वकिलाचं हात झटकणं यायचं, कुणा गेल्यासवरल्याची मान तिरकी व्हायची. सगळे म्हणायचे, “वा, अगदी हुबेहूब!” आणि भूमिका दुसऱ्याला जायची. हा म्हणायचा, “चालेल की,” आणि खुर्च्या लावायला घ्यायचा. मला इतका राग यायचा की वाटायचं, एकदा तरी आदळ रे ती खुर्ची.

मग पोस्टमास्तर गेले. आमचे सगळ्यात मोठे नट ते. पोस्टातून निवृत्त झालेले, भारदस्त, घोगऱ्या आवाजाचे. आमच्या सगळ्यात जास्त चाललेल्या नाटकात ते म्हाताऱ्या बापाचं काम करायचे. आत यायचे, घसा अर्धवट खाकरायचे, खाकरणं अर्ध्यात सोडून द्यायचे, आणि म्हणायचे, “दार लोटून घे ग, वारा येतोय.” एवढ्यावर टाळ्या पडायच्या. एका सकाळी दाढी करता करता कोसळले. पुढच्याच आठवड्यात प्रयोग होता, तिकिटं गेलेली. बदलीला बोलावलं.

त्या प्रयोगाला पोस्टमास्तरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, कुणी यायला सांगितलं नव्हतं. त्या आपणहून आल्या आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या, मांडीवर पर्स धरून. विंगेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. बदली आत आला. पोस्टमास्तरांचा तपकिरी कोट अंगात. घसा अर्धवट खाकरला. “दार लोटून घे ग, वारा येतोय.”

वहिनी जागेवरून उठल्या आणि त्यांनी हॉलचं दार लावून घेतलं.

कुणी हसलं नाही. त्या परत येऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि प्रयोग संपेपर्यंत अगदी स्वस्थ बसून होत्या. नंतर माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाल्या, “कोट धुवू नका हं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून त्या प्रत्येक तालमीला यायला लागल्या. कुठलंही नाटक असो, बदली कुणाच्याही जागी असो, त्या तिसऱ्या रांगेत. तालीम संपली की बदली त्यांच्यापाशी जाऊन ते एक वाक्य म्हणायचा. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि घरी जायच्या. दया म्हणून सुरू झालं असेल, पण दयेचं सुटायचं नाव नव्हतं. मंडळींना यात फार हृद्य काहीतरी दिसायचं. मला हॉलमध्ये गार वाटायचं.

बदलीची बायको इस्पितळात नर्स आहे, रोज मरण बघणारी, सहजासहजी घाबरणारी नाही. एकदा माझ्याकडे युनिफॉर्म सैल करायला आली तेव्हा हसत म्हणाली, “मी लग्न एकाशी केलं, डबा दुसऱ्याचा भरतेय. सकाळी न्हाणीघरातून ते खाकरणं ऐकू येतं ना, तेव्हा कळतं, आज घरी पाहुणे आहेत.” मीही हसले. मग ती हसायची थांबली. “ताई, तो झोपेतही तसाच खाकरतो. तेव्हा तर तो नाटक करत नाही ना?”

त्याच सुमारास एकदा वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोर तालीम चालू होती. बदली खुर्चीवर बसायच्या आधी उलट्या हाताने खुर्ची चाचपायला लागला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

“हे घरी असंच करायचे. एकदा खुर्चीचा पाय मोडून पडले होते, तेव्हापासून. बाहेर कधी नाही हो. नाटकात तर कधीच नाही. याला कुणी सांगितलं?”

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण अंगावर काटा आला तो आला. घरी जाताना बदलीला विचारलं तर तो म्हणाला, “खुर्ची? मी कधी चाचपली?”

अशात मंडळींकडे नवी दिग्दर्शिका आली. कॉलेजात शिकवणारी, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणारी, बोलायला फटकळ. माझं तिच्याशी लगेच जमलं. तिने नवं कोरं नाटक आणलं होतं. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एक म्हातारा लिफ्टवाला आणि एक अनोळखी बाई अडकतात, बास. दोनच माणसं.

बदली माझ्या दुकानात आला. उगाच दोऱ्याची रिळं सरळ करत राहिला. मग म्हणाला, “ताई, हे काम आजवर कुणीच केलेलं नाही. त्या लिफ्टमध्ये माझ्याआधी कोणी उभंच राहिलेलं नाही. हे मला मिळायलाच पाहिजे.” आणि जरा वेळाने, “नाहीतर मी संपलो. मला हल्ली घरी हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागतो.”

ऑडिशनला तो तिसरा होता. स्क्रिप्ट हातात घेतली, तोंड उघडलं, आणि खाकरला. अर्धवट. मग ते घोगरं, भारदस्त बोलणं सुरू झालं. लिफ्टवाला गेला कुठल्या कुठे, पोस्टमास्तर उभे. तिसऱ्या रांगेत वहिनींनी डोळे मिटून घेतले. मंडळींतले जुने लोक खुशीत एकमेकांना कोपरं मारत होते.

दिग्दर्शिकेने चष्मा खाली घेतला. “आवाज चांगला आहे. कोणाचा आहे?”

बदलीचा चेहरा उतरला. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. ती त्याला म्हणाली, “रविवारी सकाळी पुन्हा या. एकटे या.”

“मी एकटाच आलो होतो,” तो म्हणाला.

मधल्या दिवसांत त्याने काय काय केलं ते त्याच्या बायकोकडून कळलं. कानात बोळे घालून वाचलं. पाण्याची गुळणी धरून मनात वाचलं. आरशासमोर वाचायला लागला आणि आरसा झाकून ठेवला. काही केलं तरी आधी ते खाकरणं यायचं, आणि ते आलं की पुढचं सगळं त्याच्या मागोमाग.

रविवारी हॉल रिकामा होता. उन्हाचे पट्टे खुर्च्यांवर पडलेले. दिग्दर्शिका, मी, बदली. आणि तिसऱ्या रांगेत वहिनी. त्यांना जा म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्याने सुरुवात केली. खाकरणं. दिग्दर्शिकेने हात वर केला. पुन्हा सुरुवात. पुन्हा खाकरणं. तिसऱ्यांदा तर त्याने स्वतःच तोंडावर हात दाबून धरला. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं आता हा खुर्च्या लावायला घेणार.

“तुम्ही काय काम करता?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“ड्रायक्लीनिंग. काउंटरला असतो.”

“मग ते करा. ते करता करता वाक्यं म्हणा. ताई, एखादा कपडा द्या यांना.”

मी पेटीत हात घातला. सगळ्यात वर तपकिरी कोटच होता. मी दुसरं काही शोधायला गेले तर ती म्हणाली, “असू दे, असू दे, काहीही चालेल.” तिला काय माहीत. मी कोट त्याच्या हातात दिला. आजवर त्याने तो अंगात घातला होता, हातात कधी धरला नव्हता.

सवयीने त्याचा हात खिशात गेला. एक खिसा, दुसरा खिसा, आतला खिसा. काही नव्हतं. कॉलर उलटली. कोट उजेडात धरला. कॉलरवर मेकअपचा जुनाट पिवळा थर होता, वर्षानुवर्षांचा. आणि बारीक, घाईच्या, नाकातल्या आवाजात तो म्हणाला, “हा डाग कशाचा?”

ते नाटकातलं वाक्य नव्हतं. पण त्यापाठोपाठ लिफ्टवाल्याची वाक्यं यायला लागली, त्याच आवाजात. “घाबरू नका बाई, दोर पक्का आहे. मी हिला रोज वर नेतो, रोज खाली आणतो. माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे आकड्यांकडे बघतात.” बोलता बोलता तो कोटाची बाही बाहीवर घेत होता, खांदे जुळवत होता. आवाज काही खास नव्हता. पण लिफ्टमध्ये अडकलेला एक माणूस आमच्यासमोर उभा होता आणि त्याला तिथून बाहेर यायचं होतं. माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

तो थांबला. कोटाची घडी झाली होती.

“हेच,” दिग्दर्शिका म्हणाली. “काम तुमचं.”

बदली हसला. मी त्याला इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसणं कुणाचंच नव्हतं, नवीन होतं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज आला.

“आज हे नाही आले का?”

अगदी सहज विचारलं. कुणाची गाडी चुकली असेल, तसं. बदली खाली उतरला, कोट छातीशी धरून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले.

तो खाकरला. अर्धवट. “दार लोटून घे ग, वारा येतोय.”

काउंटरवरचा आवाज. वहिनींचे डोळे मिटलेलेच. त्याने पुन्हा प्रयत्न केला. आवाज जाड केला, शब्द लांबवले. ती नक्कल होती, कुणीही पोरसवदा मुलगा करेल तशी. सकाळभर ज्याला बाहेर काढायला तो धडपडत होता, त्याला आता तो घसा ताणून ताणून बोलावत होता. तिसऱ्या वेळी वाक्य अर्ध्यातच तुटलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

वहिनींनी डोळे उघडले. हॉलचं दार बघितलं. ते उघडंच होतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “गेले वाटतं.”

त्यांनी त्याच्या हातातला कोट घेतला, कॉलर नाकाशी नेली, घडी पुन्हा नीट केली आणि कोट त्यालाच परत दिला. “हा आता धुवायला टाका.”

सवय मोठी वाईट. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, चिठ्ठी निघाली, टाचणी निघाली, आणि तोंडातून निघून गेलं, “कोणाच्या नावावर?”

विचारलं आणि तो जागच्या जागी गोठला. वहिनी पर्स उचलून उभ्या राहिल्या होत्या.

“तुमच्याच नावावर घाला,” त्या म्हणाल्या. “हे काही आता न्यायला यायचे नाहीत.”

मग त्या बाहेर गेल्या, आणि जाताना त्यांनी दार लोटून घेतलं.